धरमकाट्यावरचे भाऊजी

आधीच सांगते, माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकतील आणि अक्षरही गिचमिड आहे. शाळा चौथीतच सुटली. चार लोकांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

माझे धाकटे दीर कुठल्याही प्रश्नाचं उत्तर द्यायला घाबरायचे. "भाऊजी, भाजीत मीठ बरोबर आहे काय?" एवढं विचारलं तरी घास हातात धरून बसत, आणि मग म्हणत, "सोडून देतो, वहिनी. चुकीच्या उत्तराले मार्क कापतेत. गप्प राहिलं तर काही कापत नाही."

हे खूळ परीक्षेचं. भाऊजी गोंदियाच्या रस्त्यावर एका राइस मिलच्या धरमकाट्यावर कामाला होते. धानाचे ट्रक तोलायचे, पावती द्यायची. सकाळी जात, दिवे लागल्यावर येत. त्यातच त्यांनी मॅनेजर बनवणाऱ्या मोठ्या कॉलेजची प्रवेश परीक्षा मनावर घेतली. बाहेर ट्रक काट्यावर चढलेला असे, आणि भाऊजी आत गणितात.

"बाबू, पर्ची दे दो!" ड्रायव्हर ओरडे.

"रुको, एक सवाल बाकी है."

"तुम्हारे सवाल में मेरा धान उग जाएगा!"

एकदा आम्ही तिरोड्याला मुलगी पाहायला गेलो. पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मग, पसंत आहे काय?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "हे मागे ठेवतो. बाकीचे पाहून मग येतो याच्याकडे." त्या गृहस्थांना आणखी दोन मुली होत्या. चहा न पिताच आम्ही निघालो.

संध्याकाळी मी तांदूळ निवडत बसले की ते इंग्रजी उतारे वाचत आणि मला आपल्या बोलीत सांगत. "तुम्हाले समजलं म्हणजे मले समजलं." एकदा समुद्रातल्या कुठल्याशा माशाचं लांबत चाललं.

"त्या माशाचं मले काऊन सांगून राहिले?"

"लेखकाले काय म्हणायचं आहे, ते सांगा ना."

"मासा थकला आहे, त्याले निजू द्या."

भाऊजींनी पुस्तकात पाहिलं. "असा पर्यायच नाही, वहिनी."

क्लासची फी त्यांच्या पगारात बसेना. मग बचत गटातून मी माझ्या नावावर कर्ज काढलं. गटात मी कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं, तर सगळ्या हसल्या. "तिशीतला देर शिकून राहिला काय? लगन कर वं त्याचं!" पहिल्या वर्षी नंबर लागला नाही. पुढच्या बैठकीला त्या नुसत्या माझ्याकडे पाहत. पुन्हा हुकलं तर एवढे पैसे मी कुठून आणणार, ह्याचा हिशेब मी रात्री बोटांवर करत बसायची.

त्यात ही परीक्षा येते ती धानाच्या ऐन हंगामात. मिलपुढे ट्रकांची रांग. शेठ म्हणाले, "छुट्टी नहीं मिलेगी. गया तो वापस मत आना." भाऊजी घरी येऊन भिंतीला टेकून बसले.

"जाता का राहता?" मी विचारलं.

"जातो," ते म्हणाले. लगेच! मीच दचकले.

परीक्षा नागपूरला होती, आणि तो ओरडणारा ड्रायव्हर तांदूळ घेऊन तिकडेच निघाला होता. त्याने भाऊजींना शेजारी बसवलं. पण ट्रक काट्यावर येताच भाऊजी खाली उतरले. "माह्या वजनाचे पैसे गिऱ्हाइकाने काऊन द्यायचे?" तोलणारा आता दुसरा होता. ट्रकची पावती निघाली, तेव्हा भाऊजी धावत जाऊन पुन्हा चढले. पुढे ड्रायव्हरनेच हे हसून हसून सांगितलं. "वजन ही कितना था, भाभी! बोरी भी जादा होती है."

नंबर लागला. नागपुरातच. तिथली फी बँकेच्या कर्जातून भागली; गटाचं व्याज मी शिवणकाम करून भरत राहिले. मग भाऊजींना रायपूरला नोकरी लागली, आणि काही महिन्यांनी ते रोख रक्कम घेऊन घरी आले.

"फोनवरून पाठवाचे ना," माझे मालक म्हणाले. "त्याच्यासाठी एवढ्या दुरून कायले आला?"

भाऊजी हात-पाय धुवायला उठले. दुपारी मालक शेतावर गेले, तेव्हा त्यांनी पिशवीतून ऑफिसचा एक इंग्रजी कागद काढला. "वहिनी, थोडं ऐकता काय? तिकडे खोलीवर मी भिंतीले वाचून दाखवतो."

शिवण बाजूला ठेवून मी बसले. कागद लहानच होता. त्यांनी तो फार सावकाश वाचला, आणि मीही मधे मधे उगाच विचारत राहिले.

दुसऱ्या दिवशी गटाची बैठक होती. भाऊजी बाहेर कडुलिंबाखाली थांबले. अध्यक्षबाईंनी नोटा मोजल्या, शेजारणीकडून पुन्हा मोजून घेतल्या. "फिटलं वं तुझं सगळं," त्या म्हणाल्या. मी हात जोडले आणि उठले. इतकं हलकं वाटलं की अर्धी वाट चालून आल्यावर कळलं, चपला तिथेच राहिल्या.