सहा इंचांची उंची

"जगात दोनच गोष्टी हमखास बिघडतात : न मोजता कापलेले लोखंड आणि न विचारता जमवलेले लग्न!" हे वाक्य रामप्रसाद सरांनी संभाजीनगरच्या तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत वर्षानुवर्षे ऐकवले होते. निवृत्तीनंतर विद्यार्थी उरले नाहीत. त्यामुळे आता ते घरच्यांना ऐकवत असत.

त्या वर्षी मात्र मोजण्याजोगे खरे काम त्यांच्यापुढे येऊन ठाकले होते.

सरांची आई बानाबाई हिचे माहेर कन्नडच्या पलीकडे डोंगरावर, मेंढपाळांच्या वस्तीत. तिथे बिरोबाच्या जत्रेला घरच्या थोरल्या लेकीने कळपाला पहिला भंडारा लावायचा, असा रिवाज. गेल्या वर्षी सर तिला आपल्या छोट्या गाडीतून घेऊन निघाले आणि वस्तीखालच्या कोरड्या ओढ्यात एका दगडाने गाडीच्या पोटाचे ऑइल पॅन फाडले. सगळे तेल सांडले. ट्रॅक्टरला बांधून गाडी परत आली, आणि गाडीबरोबर बानाबाईही! वर दारात थाळी घेऊन उभा असलेला तिचा धाकटा भाऊ कडुबा तसाच उभा राहिला. त्याने दुसऱ्या कुणाला भंडारा लावू दिला नाही. पुढे पाऊसही आला नाही. तेव्हापासून वस्तीचे ठाम मत असे, की हा दुष्काळ रामप्रसाद सरांच्या ऑइल पॅनमुळे पडला आहे.

"आवंदा नेतूस का नाय मला?" बानाबाई रोज जेवताना विचारी. "वढ्यापातूर मोटार, पुढं कडुबाची बैलगाडी. लई सोपं हाय."

"बैलगाडी?" सरांचा घास हातातच राहिला. "तंत्रनिकेतनाच्या विभागप्रमुखाची आई बैलगाडीत? आई, मी तुला थेट मामाच्या दारात उतरवीन!"

आणि सरांनी एक जुनी, दणकट, चारही चाकांना जोर असलेली जीप घेतली. तेवढ्यावर थांबतील तर ते सर कसले? लांब स्प्रिंगा, लांब शॉक ॲब्सॉर्बर, शिवाय आडदांड मोठे टायर असा सारा सरंजाम मागवून त्यांनी गाडी सहा इंच उंच करायचे ठरवले. ओढ्यात जाऊन दगड मोजला. दगडावरून गाडीचे पोट किती अंतराने जाईल, याचे आरेखन केले. घरच्या पोर्चमध्येच गाडी जॅकवर चढवून आठवडाभर स्वतः राबले. काम इतके नेटके, की जत्रेच्या आदल्या संध्याकाळी जॅक काढले तेव्हा जीप एखाद्या नवऱ्या मुलाने मुंडावळ्या बांधून मान ताठ करावी तशी उभी राहिली!

शेजारचे सांडू, एसटीचे निवृत्त वाहक, कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकवून पाहत होते.

"सर, झ्याक झालीय! पण एक इचारू?"

"विचारा की."

"ही बाहीर कशी काढनार?"

सरांनी फाटकाकडे पाहिले. मग गाडीच्या टपाकडे. मग पुन्हा फाटकाकडे.

पोर्चचे छत उंच होते, पण फाटकावर 'बानाई निवास' अशी संगमरवरी पाटी मिरवणारी तुळई चांगलीच खाली होती. दगड, ओढा, टायर सगळे मोजले होते. राहिली होती ती फक्त स्वतःच्या घराची तुळई! आणि ती फोडायचीही सोय नव्हती. टंचाईच्या धास्तीने सरांनी तिच्यावरच पाण्याची नवी टाकी बसवली होती.

"बानाबाई कशावर बसून जानार? त्या टाकीवर?" सांडूंनी मुळीच न हसता विचारले.

रात्रभर सर छताकडे पाहत पडून होते. सकाळी उठले ते तोडगा घेऊनच. "स्प्रिंग म्हणजे काय? भार पडला की दबते! टायरमधली हवा कमी करू, गाडीत भार भरू, आणि तुळईखालून अलगद सरकवू."

"आणि भार कुठून आणायचा?" त्यांच्या पत्नी अंबिकाबाईंनी विचारले.

भार गल्लीतच उभा होता. टँकरची वाट पाहत रिकामे हंडे घेऊन बायकांची रांग लागली होती. अंबिकाबाई गेल्या, काहीतरी बोलल्या, आणि रांगेत पहिल्या असलेल्या केसरबाईंच्या नेतृत्वाखाली सगळी रांग हंडे बाहेर ठेवून हसत हसत गाडीत शिरली. सांडूंच्या अंगात जुनी नोकरी संचारली.

"पुढं सरका! पुढं सरका! आत लई जागा हाय! केसरबाई, पाय आत घ्या!"

"आरं बाबा, माझा पाय मलाच घावंना!" आतून केसरबाई ओरडल्या.

जीप दबली. सरांनी बोटांनी अंतर मोजले आणि विजयी मुद्रेने चालकाच्या जागी बसले. बानाबाई आधीच बाहेर रस्त्यावर, नव्या लुगड्यात, भंडाऱ्याची पिशवी उराशी धरून उभी होती. "डबल बेल!" सांडूंनी भिंतीवर थाप मारली. गाडी इंचाइंचाने सरकू लागली. काच गेली, टप निम्मा गेला, आणि एवढ्यात कोपऱ्यावर भोंगा वाजला.

टँकर!

पुढे जे घडले ते कोणत्याही आरेखनात नव्हते. दोन्ही दारे आणि मागची खिडकी अशा तिन्ही वाटांनी बायका बाहेर पडल्या. भार गेला. सरांच्या उत्तम दर्जाच्या स्प्रिंगांनी चोख काम बजावले. गाडी वर उसळली, टप तुळईला भिडला आणि जीप तुळई खांद्यावर घेऊन उभी राहिली! वरच्या टाकीतून भस्सदिशी पाणी उसळले आणि 'बानाई निवास'वरून सरांच्या काचेवर आले.

"अहो, पाणी! आठवड्याचं पाणी!" अंबिकाबाई किंचाळल्या.

"राम्या," रस्त्यावरून बानाबाईने शांतपणे विचारले, "आता घर बी संगं न्यायचं का?"

जीप पुढेही हलेना, मागेही हलेना. वस्तीवर कडुबामामा थाळी घेऊन दारात येण्याची वेळ जवळ येत चालली. शिकवलेली सारी गणिते सरांनी मनात उलटीपालटी केली. उत्तर एकच येई : ज्याच्या जाण्याने उसळली त्याच्याच येण्याने दबेल. पण टँकर सोडून कोण येणार?

उत्तर टँकर संपल्यावर मिळाले. केसरबाई आल्या, त्यांच्यामागे सगळी रांग आली, आणि यावेळी प्रत्येकीच्या कडेवर भरलेला हंडा होता!

"म्हातारीला माहेराला जायचंय, सर. आमी काय बघत बसावं व्हय? पर एक सांगते, गचका बसला अन पानी सांडलं, तर तुमच्या टाकीतनं भरून घेईन!"

भरल्या हंड्यांसकट बायका बसल्या आणि जीप अशी खाली बसली, की टपाने तुळईला शेवटचा नमस्कार केला. सरांनी श्वास रोखून क्लच सोडला. गाडी रस्त्यावर! गल्लीभर टाळ्या! एक थेंब सांडला नाही. बायका उतरल्या, टायरांत हवा भरली, आणि स्टुलावर स्टूल ठेवून बानाबाईला वर चढवण्यात आले.

कन्नड मागे पडले. ओढा आला. तो दगड आला. सरांनी गाडी थेट त्याच्यावर घातली आणि दगड गाडीच्या पोटाखालून निमूटपणे निघून गेला!

"बघितलंस, आई?"

"बघितलं बाबा. तू बी पुढं बघ."

वस्तीवर कडुबामामा थाळी घेऊन उभे होते. हलगी वाजू लागली. गाडी थेट दारात थांबली. बानाबाईने दार उघडले, खाली पाहिले आणि दार पुन्हा लावून घेतले.

"राम्या, हितून उडी मारू व्हय?"

स्टुले संभाजीनगरातच राहिली होती! म्हातारीला उचलून उतरवावे, तर ती ऐकेना. भावाच्या दारात स्वतःच्या पायांनीच उतरायचे, म्हणाली. शेवटी कडुबामामा घरामागे गेले आणि बैलगाडी घेऊन आले. ती जीपला भिडवली. जीपमधून बैलगाडीत, बैलगाडीतून उखळावर आणि उखळावरून भावाच्या उंबऱ्याशी, अशी बानाबाई एकदाची माहेरी पोचली.

"भाचेराव," मामा म्हणाले, "आक्काला बैलगाडीतच घ्यायचं हुतं, तर वढ्यातूनच घेतलं असतं की! दोन वरसं म्या तेच म्हनतोय!"

बानाबाईने एकदा लेकाकडे पाहिले. मग ती कळपात शिरली आणि पिवळ्या मुठी उधळत एकेका मेंढीच्या कपाळी भंडारा लावू लागली. थकलेले गुडघे ती विसरूनच गेली. कडुबामामा डोळे पुसत तिच्यामागे चालत होते. सरांनाही चष्म्याची काच उगीच पुसावीशी वाटली.

निघताना मामांनी बहिणीची बोळवण केली : लुगडे, चोळी आणि बारा मेंढ्या!

"मामा, शहरात मेंढ्या कशा..."

"हितं चारा नाय, भाचेराव. बहिणीला द्यायचं ते द्यायचंच. अन एवढी थोरली मोटार आणलीय ती कशापायी?"

मागची बाके दुमडून मेंढ्या भरल्या. रात्री घरापाशी पोचल्यावर सरांनी सवयीने फाटकाकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. गाडी दबलेली होती! त्यांनी टायरची हवा सोडली आणि जीप तुळईखालून तुपासारखी आत गेली. मेंढ्यांचा एक मोठा गुण त्यांच्या ध्यानात आला : टँकरचा भोंगा वाजला तरी त्या उतरत नाहीत.

आत गेल्यावर मेंढ्या उतरल्या. जीप वर उसळली.

"स्प्रिंगा काढून टाका आता," अंबिकाबाई म्हणाल्या.

"का म्हणून? गणित चुकलेले नाही! भार तेवढा जमेस धरायचा राहिला होता."

"मग मेंढ्या तरी विकून टाका."

"अगं, मग गाडी बाहेर कशी काढू?"

तेव्हापासून रामप्रसाद सरांना भाजी आणायची असली तरी आधी मेंढ्या भरतात. बाहेर सोडल्या तर पांगतात, म्हणून त्याही बरोबरच जातात. परवा क्रांती चौकात सिग्नलला वाहतूक पोलिसाने खिडकीतून आत डोकावून पाहिले.

"काका, मेंढ्या कुठं न्यायलात?"

"कुठे नाही," सर ताठ मानेने म्हणाले. "सस्पेन्शन आहे."