नानांची सरकारदप्तरी चूल

आमच्या गल्लीतले नाना रोज संध्याकाळी कोपऱ्यावर थांबून वर का पाहतात, एवढ्या एकाच प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहावयास घेतले. मेहरूणच्या त्या वळणावर सायकली आणि रिक्षा त्यांना वळसा घालून जातात. नाना मान वर करून उभेच. कोणी म्हणे, कबुतरे मोजतात. कोणी म्हणे, टीव्हीचे नवे अँटेना. मी शिक्षक असल्यामुळे अंदाजावर समाधान मानले नाही.

नाना कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. लग्न केले नाही. जग त्यांच्या लेखी दोन प्रकारचे होते, एक खरोखरचे आणि दुसरे 'सरकारदप्तरी'. वय विचारले तर म्हणत, "सरकारदप्तरी साठ." तापाने फणफणले तरी, "सरकारदप्तरी मी ठणठणीत आहे." गरीब भाडेकरूंना सरकारी योजना मिळवून देणे हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. कोणाला निराधाराचे अनुदान, कोणाला रेशनकार्ड. कचेरीच्या बाकावर ते इतके बसत, की नवखी माणसे अर्ज त्यांच्याच हातात देऊन जात. संध्याकाळी दमून परतत आणि सकाळी पुन्हा त्याच बाकावर.

अक्कांची गोष्ट त्यातलीच. अक्का नरडाण्याकडच्या, नानांहून वयाने मोठ्या, भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या. खोलीला खिडकी नाही. कपाशीच्या काड्यांवर स्वयंपाक करताना त्या इतक्या खोकत, की डॉक्टरांनी बजावले, हा धूर थांबला नाही तर छाती टिकणार नाही. त्या काळी निर्धूर चुलीची सरकारी योजना होती. धूर नळीतून थेट छपरावर जाई. परंतु नळीसाठी पत्र्याला भोक हवे, भोकासाठी घरमालकाची लेखी संमती हवी, आणि दामूशेठ सही करीनात. सही दिली की भाडेकरू कायमचा बसला, असे त्यांचे पक्के मत.

नानांनी वाद घातला नाही. शेठना त्यांनी अक्कांच्या खोलीत चहाला बोलावले, दार लोटून घेतले आणि अक्कांना सांगितले, चहा चांगला उकळू द्या. काड्या ओल्या होत्या. शेठ चहा न घेताच डोळे पुसत बाहेर आले.

"भोक पाडा," ते म्हणाले, "पण सही मागू नका."

अशा रीतीने भोक मिळाले; सही नाही म्हणून चूल मात्र मिळेना. कचेरीने पुष्कळ फिरवल्यावर नानांनी स्वतःच्या मालकीच्या खोलीसाठी, स्वतःच्या नावे चूल मंजूर करून घेतली आणि ती अक्कांकडे बसवली. ते स्वतः खानावळीत जेवत. त्यांच्या खोलीत काडेपेटीसुद्धा नव्हती.

पुढे तपासनीस आले. नानांनी त्यांना सरळ अक्कांच्या खोलीत नेले आणि हे आपले स्वयंपाकघर असल्याचे सांगितले. तपासनीसांनी अक्कांकडे पाहिले, नळीकडे पाहिले आणि घड्याळाकडे पाहिले. उन्हाने तेही थकले असावेत. काही न विचारता निघून गेले.

अक्कांना मात्र हे पटले नाही. तपासनीसांची पाठ वळताच त्या म्हणाल्या, "नाना, चूल तुना नाववर शे. आते तू आठेच जेव. मी सरकारसंगे खोटं बोलाव नही."

तिथे न जेवण्याच्या नानांनी खूप सबबी सांगितल्या. तोवर अक्कांनी ताट वाढले होते.

त्यानंतर अक्कांचा खोकला हळूहळू उणावला आणि नानांची खानावळ सुटली. कोपऱ्यावर का थांबता, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "लवकर गेलं तर म्हातारीची घाई होते, मास्तर."

मध्यंतरी अक्का मुलीकडे नरडाण्याला गेल्या होत्या. नाना तरीही कोपऱ्यावर येत. अक्कांच्या नळीतून धूर निघत नसे, हे आम्हा दोघांनाही दिसत होते. एके दिवशी अंधार पडू लागला तेव्हा मी त्यांना आमच्याकडे जेवायला चला म्हटले.

"नको," ते म्हणाले. "सरकारदप्तरी माझी चूल तिथं आहे."

त्या दिवशी ते खानावळीकडेही वळले नाहीत.

अक्का आता परतल्या आहेत. प्रश्नाचे उत्तर मला मिळाले असे मी समजतो. पण एका माणसाचे निरीक्षण पुरेसे नसते. तरी वाचकांना विनंती, की एखाद्या संध्याकाळी त्या वळणावर उभे राहून त्यांनी हे स्वतः पडताळून पाहावे. आधी नळीकडे पाहा. धूर दिसला की मग नानांच्या पायांकडे पाहा.