आवाज स्पष्ट येतो का?

"संज्ञापन हा मानवी संस्कृतीचा कणा आहे." प्रा. अभिमन देवरे यांनी देवपुरातल्या भाड्याच्या खोलीत हे वाक्य लिहिलं, त्याला अकरा दिवस झाले होते. दुसरं वाक्य अजून सुचायचं होतं. जळगावच्या चर्चासत्रात रविवारी शोधनिबंध वाचला तर नोकरी कायम करू, असं प्राचार्यांनी सांगितलं होतं. न वाचल्यास काय, ते सांगितलं नव्हतं.

विषय होता 'ग्रामीण जीवनात रेडिओचे स्थान'. सरांनी शंभर प्रश्नावल्या सायक्लोस्टाइल करून सोनगीरच्या पुढच्या एका गावी नेल्या आणि माजी सरपंच निंबा आबांच्या हवाली केल्या. चार दिवसांनी शंभरच्या शंभर भरून तयार. अक्षर सगळीकडे एकच होतं. पण गावात लिहिणारा हात एकच असेल, अशी सरांनी स्वतःची समजूत घातली.

घरी तक्ता मांडला आणि सर गोंधळले. रेडिओ ऐकता का? शंभर जण 'हो'. रोज किती वेळ? शंभर जण 'दोन तास'. आवाज स्पष्ट येतो का? शंभर जणांना येत होता. बेरीज तीनदा केली, तरी तीच. 'नाही'चा रकाना इतका कोरा राहिला, की सरांनी त्यात दूधवाल्यासाठी निरोप लिहून ठेवला. शंभर टक्के असं जगात काही नसतं, कोणीतरी हटकेल, जाऊन बघून या, असं विभागप्रमुख म्हणाले.

शनिवारी सर पुन्हा गावी गेले. पहिलंच घर भिकुबाईंचं, प्रश्नावली क्रमांक त्रेसष्ट. सरांनी रेडिओबद्दल विचारलं. दोनदा विचारलं, मग ओरडून विचारलं. भिकुबाईंनी कानाकडे बोट दाखवलं, हसल्या आणि त्यांना खाटेवर बसवलं. सरांनी कागद काढून पाहिला. 'आवाज स्पष्ट येतो का? येतो.'

तेवढ्यात आबाच आले.

"आबा, उत्तरं ज्याची त्याने द्यायची होती."

"ज्यानी त्यानीच दिधी. बठ्ठा लोके कापूस येचाले निंघनात, जाता जाता म्हने, आबा, तुम्हीच लिखा." मग आबांनी आवाज खाली आणला. "कितला मार्क पडनात, सर? गाव पास शे ना?"

सरांनी कपाळावरचा घाम पुसला. निदान लिहिलंय ते खरं तरी आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. आबांना ते जरा लागलं. रोज सांजच्याला सारं गाव आपल्या ओट्यावर दोन तास बसून ऐकतं, यात एक अक्षर खोटं नाही, भिकुबाईसुद्धा असते, असं त्यांनी ठासून सांगितलं. सरांच्या जिवात जीव आला. म्हणजे आकडा खरा होता. उद्याचा निबंध वाचला होता, नोकरी वाचली होती. त्यांनी पिशवीतून कॅमेरा काढला आणि निबंधाला जोडायला त्या रेडिओचा एक फोटो मागितला.

आबा त्यांना आपल्या घरी घेऊन गेले आणि आतून भरतकामाची खोळ घातलेला रेडिओ आणून त्यांनी ओट्यावर ठेवला. सरांनी सहज बटण फिरवलं. मग उलटं फिरवलं.

"तो दिवाईपासून बंद शे," आबा म्हणाले.

"मग लोक दोन तास ऐकतात काय?"

"माले. पाऊसपानी, बाजारभाव, दिल्लीनं राजकारन, बठ्ठं मीच सांगस."

भिकुबाई मागोमाग येऊन बसल्या होत्या. आबांच्या तोंडाकडे बघून त्यांनी मान डोलावली. "आबाना आवाज माले बी येस," त्या म्हणाल्या. "गाव हादरस."

सर कागदांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. निबंध शंभर टक्के खरा होता. त्यात रेडिओ तेवढा नव्हता.

आबा थोडे जवळ सरकले, खाकरले.

"सर, पुढल्या खेपले येताना दोन सेल लई या," ते म्हणाले. "मन्हा घसा बसी गया."