कुंदाताई आणि विष्णुपुरीचं पाणी

कुंदाताईंच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, की त्या तो आधी उजेडाकडे धरतात. मग हुंगतात. मग पीत नाहीत.

लातूरला माझ्या सोयरिकीच्या बैठकीतही हेच. शेजारीण म्हणून आईनं त्यांना हौसेनं नेलेलं. ताईंनी पर्समधून बाटली काढून ग्लासात दोन थेंब टाकले. पाणी लाल झालं. मुलीच्या आईला घाम फुटला.

“पाणी लई जड हाय तुमचं,” ताई म्हणाल्या. “डाळ शिजत नसंल.”

“न्हाई ना हो! अन् सासूबाई इतकी वर्षं मलाच बोलून राहिल्यात!”

मुलीची आजी पदर सावरत खिडकीबाहेर बघू लागली. सोयरीक तिथंच जमली.

कुंदाताई नांदेडला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. निवृत्त झाल्या, पण विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी बघायचं खूळ काही सुटलं नाही. दर महिन्याला होडीतून जायचं, ठरल्या जागी थांबायचं, पाणी किती नितळ ते मोजायचं. “दर महिन्याला काय बदलतं हो?” असं कुणी विचारलं की म्हणतात, “एकदा बघून माणूस कळतो का? मग पाणी कसं कळंल?” धरणात शेवाळ वाढलं की यांची भूक मरते. नळाला गढूळ पाणी आलं, तर साऱ्या गल्लीची माफी याच मागतात.

गेल्या हिवाळ्यात मी सोबत गेलो. होडीत गफूरचाचा आधीच येऊन बसलेले. पूर्वी होडी तेच वल्हवायचे. आता डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून वल्हं पुतण्याकडं. ताईंनी दोरी चाचांच्या हातात दिली. दोरीला वीत-वीत अंतरावर गाठी, टोकाला काळी-पांढरी तबकडी. चाचा ती हळूहळू पाण्यात सोडू लागले, ताई वाकून बघत राहिल्या. तबकडी दिसेनाशी झाली तशा त्या म्हणाल्या, “बस!” किती दोरी आत गेली, ते चाचांनी गाठी चाचपून सांगायचं.

मी ताईंच्या कानाशी पुटपुटलो, “मी आणून दिलेलं मोजायचं यंत्र पिशवीतच आहे, काढू का? बटण दाबलं की आकडा येतो.”

त्यांनी माझा पाय जोरात दाबला. “सेल संपलेत.”

सेल मी सकाळीच घातले होते.

चाचांची बोटं दोरीवरून सरकत होती. एकदम त्यांचा चेहरा फुलला. “बाई, औंदा दोन गाठी जादा! पानी सुधरून राह्यलंय!”

“उगं खूश करून राहिलात मला,” ताई हसत म्हणाल्या. “पुन्हा मोजा बरं.”

चाचा मान वर करून, मोठ्यानं, पहिल्या गाठीपासून मोजू लागले. मी यंत्राची पिशवी हळूच फळीखाली सरकवली.