मरळीची पसंती

रजियाआपाकडं खोली भाड्यानं घ्यायची, तर आधी तिच्या मरळीच्या पसंतीला उतरावं लागे.

मरळ म्हणजे तिच्या अंगणातल्या हौदातला मासा. हातभर लांब, काळपट, सापासारख्या तोंडाची. लातुरात क्लासचं पीक आलं तसं आमच्या गल्लीत घरोघरी भाडेकरू पोरं आली. मी पोरींचे डबे करायची. शेजारच्या आपानं मागच्या खोल्या पोरींनाच दिल्या होत्या. मुखेडचे, चाकूरचे बाप गादी-पेटी घेऊन येत, तर आपा पोरीला नि बापाला हौदाच्या कट्ट्यावर बसवी. मरळ वर आली तर खोली, नाहीतर नाही.

एका बापाला परतीची एसटी गाठायची होती. भाडं किती, एवढं सांगा, म्हणाला. आपा म्हणाली, "मरळीला पुसा." बिचाऱ्यानं खरंच वाकून विचारलं.

नापास मात्र कुणी झाल्याचं मी पाहिलं नाही. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, हे मला फार उशिरा समजलं. पण तोवर बसावं लागे. घर सोडून आलेल्या पोरींचे डोळे भरलेले असत. पाण्याकडं बघता बघता त्या रडायचं विसरत. मरळीनं तोंड काढलं की एखादी हसेसुद्धा.

ही मरळ आपाच्या माहेरची. तेरणाकाठी तिचं गाव होतं. पाणी साफ राहावं म्हणून आडात मरळ सोडायची तिकडं रीत. भूकंपात घर गेलं, घरातली माणसं गेली. गाव दुसरीकडं वसवायचं ठरलं, आड बुजवायला काढला. आपानं मरळ बाहेर काढून घेतली नि ओल्या पोत्यात गुंडाळून एसटीत बसली. पोतं हललं तसं कंडक्टरनं विचारलं, आत कोण? "माहेरचं माणूस हाय," आपा म्हणाली. त्यानं अर्धं तिकीट फाडलं.

पुढं आपाला मरळीच्या लग्नाची काळजी लागली. दर आठवड्याला मासळीबाजारात जाऊन ती स्थळ विचारी. मासेवाल्या हसत. नदीतली वाळू उपसून नेली, डोह राहिले नाहीत, आता मरळ कुठली मिळायला, म्हणत. एकीनं टोपलीतला चिलापी मासा दाखवला. "आपा, हा चालंल का जावई?"

आपा म्हणाली, "परदेशातून आला नि आमच्याच लोकांची जागा खाऊन बसला. त्याला न्हाई देणार लेक."

एकदा घागर घेऊन ती नांदेडला गेली. एवढी मोठी गोदावरी, तिथं तरी एखादं स्थळ निघेल, म्हणाली. परत आली ती रिकाम्या घागरीनंच. रागानं दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही, जसं काही मीच लग्न मोडलं.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मरळ उलटी तरंगताना दिसली. आपानं हाक मारली नाही, पण पाणी भरताना मला भिंतीवरून दिसलं. आम्ही दोघींनी तिला जास्वंदीखाली पुरलं. आपा रडली नाही. "माहेर संपलं बघ, शेवंता," एवढं म्हणाली नि हात धुतले.

दुपारीच औशाहून एक बाप पोरगी घेऊन आला. पोरीनं ओढणीचं टोक दातात धरलं होतं. मला वाटलं, आपा आज त्यांना वाटेला लावील. तिनं त्यांना कट्ट्यावर बसवलं.

पाणी हललं नाही. बाप घाम पुसत राहिला, पोरगी टक लावून बघत राहिली. मी डब्यांचं काम सोडून तिथंच उभी. शेवटी बापानं पेटी उचलली. नशिबात नसंल तर चला, म्हणाला.

"बसा हो भाऊ," आपा म्हणाली. "आली होती की. तुम्ही तोंड पुसत होता तव्हा." नि तिनं किल्ली पोरीच्या हातात ठेवली.

संध्याकाळी पोरगी पुस्तक घेऊन कट्ट्यावर आली. मरळ मला दिसलीच नाही, पुन्हा कधी येते, तिनं विचारलं.

आपानं सरकून तिला जागा केली.

"सबर कर," ती म्हणाली. "बस हितं माझ्यापाशी."