गालातली गोळी

आमच्या घरी सत्यनारायण होता आणि प्रसाद वाटायचं काम शेजारच्या ब्रदरनी आपणहून अंगावर घेतलं होतं. रांगेत पहिले, मी शिकवायचो त्या शाळेचे हेडमास्तर. नुसते खाकरले तरी सातवीचा वर्ग उभा राहायचा, असा माणूस. ब्रदरनी त्यांच्या हातावर शिरा ठेवला, तो तोंडात जाईपर्यंत समोर उभे राहिले आणि मग म्हणाले, "गिळलं? तोंड उघडा. जीभ वर. आता गाल दाखवा. हां, बराबर."

त्याहून नवल म्हणजे हेडमास्तरांनी निमूटपणे तोंड उघडलं आणि जीभही वर केली. सोमवारी शाळेत त्यांनी मला विचारलं, "गुरुजी, ते गृहस्थ कोण हो?" मी कोण म्हणून सांगणार?

ब्रदर म्हणजे सोपानराव, मूळचे टेंभुर्णीचे. जालन्यात अंबड रस्त्यावर मनाच्या आजारांचा एक खाजगी दवाखाना होता, तिथं ते नर्स होते. नव्वद सालच्या आसपासची ही गोष्ट. पुरुष नर्सला ब्रदर म्हणायची दवाखान्यातली रीत आमच्या गल्लीनं उचलली होती. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून त्यांच्या पत्नी कावेरीवहिनीसुद्धा खुशाल म्हणायच्या, "आमचे ब्रदर आणखी आले न्हाईत." गल्लीत कुणी त्या दवाखान्याला 'येड्याचा दवाखाना' म्हटलं की मात्र ब्रदरचं डोकं फिरायचं. "ताप आला तर तुम्हाला तापट म्हणतेत का?" असं ते विचारायचे.

त्यांच्या वॉर्डातला नियम साधा होता. गोळी हातावर द्यायची, पाणी द्यायचं आणि गिळल्याची खात्री तोंडात पाहून करायची, कारण बरेच जण ती जिभेखाली नाहीतर गालात दडवून ठेवतात. हे काम वॉर्डात ठीकच आहे. पण ब्रदर ते घरी घेऊन आले होते. मुलीला पाहायला परतूरचं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या वडिलांना त्यांनी सुपारी दिली आणि दिल्याबरोबर जीभ वर करायला लावली. पाहुण्यांनी निरोप धाडला की मुलगी पसंत आहे, पण बापाची जरा चौकशी करावी लागेल. ती चौकशी माझ्याकडेच आली. मी हातचं राखून चांगलं बोललो आणि लग्न ठरलं. मात्र मांडवात पानसुपारीच्या तबकापाशी ब्रदरना कुणी फिरकू दिलं नाही.

रजेतही त्यांना चैन नसायचं. एकदा सगळे टेंभुर्णीला निघाले. गाडी गावाबाहेर पडते न पडते तोच ब्रदरनी कंडक्टरला बेल मारायला लावली आणि उतरून चालत वॉर्डात गेले. का, तर मागच्या दाराची कडी पाहायला. कडी लागलेलीच होती. ड्यूटीवरच्या माणसानं त्यांना चार शब्द सुनावले. वहिनी आणि पोरं टेंभुर्णीला पोचली, ब्रदर दुसऱ्या दिवशी.

आम्ही हसायचो. मी तर शाळेत त्यांच्या नकला करून दाखवायचो. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. खिशातून कोरा कागद काढला.

"गुरुजी, तुमचं अक्षर चांगलंय. राजीनामा लिहून द्या."

मी चपापलो. अठरा वर्षांची नोकरी, धाकटा मुलगा कॉलेजात. तरी लिहायला बसलो. "कारण काय लिहू?"

"सांगतो." ते भिंतीला टेकून बसले. "नवा होतो तवा पेशंट रडला की मलाबी रडू यायचं. घरी आलो की घास उतरायचा न्हाई. मंग राग यायला लागला. पेशंटचा, त्येच्या घरच्यांचा, डॉक्टरचा. आता कायबी येत न्हाई. काल एक माय लेकाला मिठी मारून रडून राह्यल्ती अन् मी भिंतीवरलं घड्याळ पाहून राह्यल्तो. असा माणूस तिथं नसावा, गुरुजी. मला माहीच भीती वाटून राह्यली. हेच लिहा."

"असं अर्जात लिहीत नसतात, ब्रदर."

"मंग काय लिवतेत?"

"घरगुती कारणास्तव."

"घरी तर बिलकुल कायबी न्हाई," ते म्हणाले.

मला हसू आलं नाही. म्हटलं, हे कधीपासून? तेव्हा त्यांनी विष्णूचं सांगितलं. विष्णू हा त्यांचा एक पेशंट, टेलरकाम करणारा, चोवीस-पंचवीस वर्षांचा. ब्रदर दोन महिने रोज त्याच्याजवळ बसले, बोलले, आणि तो सुधारतही होता.

"एक दिवस वाटलं, रोज ह्येला आ कर, आ कर म्हणायचं, लाज वाटत आसंल बिचाऱ्याला. आता भरवसा ठिवावा. आठ दिवस तोंड पाह्यलं न्हाई. नवव्या दिवशी भिंतीवरून उडी मारून गेला. गोळ्या समद्या मोगऱ्याच्या कुंडीत सापडल्या. दोन दिवसांनी परतूरच्या स्टेशनावर घावला, परत आणला. पायात चप्पल न्हाई, तळवे फुटलेले. डॉक्टर मला कायबी बोलले न्हाईत. बोलले आसते तर बरं झालं आसतं." त्यांनी कागदाकडे बोट केलं. "तवापासून मला समद्यांच्या गालात गोळी दिसती. लिहा, घरगुती लिहा."

मी लिहिलं. सही करून त्यांनी कागद खिशात घातला. मला रात्रभर झोप आली नाही. हा माणूस नोकरी सोडून घरी बसला तर कसल्या कसल्या कड्या तपासत फिरेल, हेच डोक्यात घोळत होतं.

दुसऱ्या दिवशी ते घरी न जाता तडक माझ्याकडे आले. अंगात दवाखान्याचे पांढरे कपडे तसेच. डोळे सुजलेले. मी घाबरून विचारलं, "काय झालं? कुणी पळालं का?"

"न्हाई. सकाळी अर्ज दिल्ता. डॉक्टरनं ठिवून घेतला." ते ओट्यावर टेकले. "दुपारी ताटं वाढून राह्यल्तो. तीस माणसं अन् मी एकला. विष्णूपाशी गेलो तर तो म्हणला, ब्रदर, तुमी जेवलात का?"

मी जवळ जाऊन बसलो.

"मग?" मी विचारलं.

"मंग काय. अठरा वर्सात त्या वार्डात हे मला कुणी पुसलं न्हाई. डॉक्टर रोज पुसतेत, समदे जेवले का. त्या समद्यात मी नसतो. न्हाई जेवलो म्हणलं, तर त्येनं भाकरी मोडली अन् आर्धी माह्या हातावर ठिवली. तिथंच रडलो, गुरुजी. समद्यांपुढं, लेकरावानी. एकजणबी हसला न्हाई." त्यांनी बाहीनं डोळे पुसले आणि खालच्या आवाजात विचारलं, "दिलेला अर्ज परत मागता येतो का?"

खरं सांगतो, मला पेच पडला. परत गेले तर तेच तीस आणि तेच एकटे. पण त्यांच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणवेना. मी नवा कागद घेतला. राजीनामा मागे घेत आहे, असं लिहिलं आणि त्याखाली माझ्या मनानं आणखी एक ओळ घातली, की वॉर्डात आणखी एक माणूस द्यावा, कारण एकट्याला झेपत नाही.

ब्रदरनी ती ओळ दोनदा वाचली. "हे मागता येतं?"

"मागून तर बघा."

त्यांनी सही केली. उठले, ओट्याची पायरी उतरले आणि पुन्हा वळले. "गुरुजी, उद्या सकाळी माह्यासंगं येता का, फाटकापोत्तर? एकल्याला भ्या वाटून राह्यलंय."

मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आठच्या सुमारास आम्ही अंबड रस्त्यानं निघालो. जिनिंगकडं कापूस नेणाऱ्या गाड्या धूळ उडवत जात होत्या. डॉक्टर काय म्हणतील, विष्णू उद्या पुन्हा पळाला तर काय, असलं सगळं दोघांच्याही मनात असणार. मी आपला पुढचा रस्ता पाहत चाललो होतो. फाटक आलं, ब्रदरनी माझा हात सोडला आणि आत गेले. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की घरापासून इथवर ते माझा हात घट्ट धरून चालले होते.