गावंडे सरांचा सोन्याचा नाला

आमचे गावंडे सर इतिहास शिकवत नाहीत, वर्गाकडून करवून घेतात. मिठाच्या सत्याग्रहाच्या धड्याला त्यांनी आख्ख्या आठवीला भर उन्हात मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या आणि शेवटी प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवते. म्हणजे शिकवायचा प्रयत्न करते. पोरं खिडकीला लटकलेली असतात.

"इतिहास वाचाचा नसते मॅडम, भोगाचा असते," असं वर मलाच ऐकवतात.

यंदा त्यांनी किन्हीराजा गावाजवळच्या एका नाल्यावर आठवीचं दोन दिवसांचं शिबिर काढलं. सोबतीला मीही गेले. विषय, कॅलिफोर्नियात सोन्यासाठी उडालेली झुंबड. पोरांनी दोरीनं आपापली हद्द आखली, परातीत वाळू घेऊन ती पाण्यात हलवायला शिकली. वाळूत सरांनी आधीच पितळेचा कीस मिसळून ठेवला होता.

तासाभरात एक पोरगी किंचाळली, "सर, सोनं सापडलं!" नेमकं ते काठावरून जाणाऱ्या एका बाईंनी ऐकलं. दुपारपर्यंत निम्मं गाव घमेली आणि चाळण्या घेऊन नाल्यात. आमचे मुख्याध्यापक पाहणीला म्हणून आले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तेही उतरले.

"अरे बाप्पा, पितळ हाय हे! म्याच टाकलं!" सर ओरडत होते.

"तुमी तं तसंच म्हनान," एक आजोबा शांतपणे म्हणाले. "जरासे तिकडे सरका."

हद्दीवरून दोघांची जुंपली. मी घाबरले. सर मात्र नाचायचेच बाकी होते. "पाहा पोट्टेहो, पाहा! अस्संच झालं होतं तिकडे!"

सोनारानं येऊन कसोटीवर घासून पितळ जाहीर केलं, तेव्हा गाव सरांना शिव्या घालत घरी गेलं. मुख्याध्यापक सगळ्यांत शेवटी.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी पोरांना सोनं शोधायला गेलेले मजूर होऊन घरी पत्रं लिहायची होती. सगळे लिहीत होते, सर नुसतेच बसलेले.

"सर, तुमी काहून नाई लेहून राह्यले?" आठवीतल्या साक्षीनं विचारलं.

"माह्या घरी वाचाले कोनी नाई ना, माय," सर हसत म्हणाले. बायको गेल्यापासून ते एकटे राहतात, हे मला माहीत होतं. पोरांना नव्हतं.

साक्षीनं वहीतला एक कागद फाडून सरांपुढे धरला. "मंग मले लेहा."

सरांनी कागद घेतला. एका धड्यावर दोन-दोन तास बोलणारा हा माणूस. बसचा हॉर्न वाजेपर्यंत त्याच्या जेमतेम दोन ओळी झाल्या. साक्षीनं त्या वाचल्या, घडी घालून कंपासपेटीत ठेवल्या. मैत्रिणींनी पुष्कळ झोंबाझोंबी केली, पण तिनं कुणाला दाखवल्या नाहीत. बसमध्ये मात्र मागची सीट सोडून ती सरांच्या शेजारी जाऊन बसली.